मामांचा नाका

जगातल्या कुठल्याही देशात रीतसर कसं शिरावं हे माझ्या मामेसासऱ्यांइतकं पक्कं ठाऊक असलेला माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्यातल्या एकाही देशाच्या वाऱ्याला उभा न राहिलेला माणूसही दुसरा नसेल, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. मामेसासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. तसे ते सगळ्या कॉलनीचेच मामा आहेत. सहा फूट उंची, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन नाही पण कानावर पेन्सिल, आणि समोरच्या माणसाच्या आधी हाताकडे बघून मग चेहऱ्याकडे बघायची सवय. ही सवय नोकरीतली. मामा तीस वर्षं महापालिकेच्या जकात नाक्यावर होते. शहराच्या वेशीवर रस्त्यात आडवा दांडा, दांड्याच्या अलीकडे मामा आणि पलीकडे ट्रकची रांग. नामपूरहून कांदा आला, सुरगाण्याहून भात आला, कुठून काहीही आलं तरी मामांनी कागद बघितल्याशिवाय दांडा वर गेला नाही. नाक्यावरच्या लोकांबद्दल लोक काय काय बोलत ते सगळ्यांना माहीत आहे, पण मामांबद्दल एकच तक्रार होती, की हा माणूस काही घेत नाही आणि काही सोडतही नाही. स्वतःच्या लग्नात सासरहून आलेला भांड्यांचा टेम्पो त्यांनी नाक्यावर थांबवून यादी तपासली होती, असं मामी सांगतात. मामा ते नाकारत नाहीत. यादीत एक पातेलं जास्त निघालं होतं, एवढंच ते म्हणतात.

मग जकात बंद झाली. दांडा एका सकाळी वर गेला तो खाली आलाच नाही. मामा निवृत्तीच्या उंबरठ्यावरच होते, त्यामुळे पोटापाण्याचं काही बिघडलं नाही, पण त्यांच्या मनाची जी घडी होती ती मोडली. येणाऱ्या-जाणाऱ्याला कुणी काही विचारत नाही अशा शहरात कसं राहायचं हे त्यांना कळेना. काही महिने ते कॉलनीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसत आणि भाजीवाल्याला कुठून आलास म्हणून विचारत. अशात माझ्या नवऱ्याला कंपनीने तीन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं आणि तो व्हिसाचे कागद घेऊन मामांच्या पाया पडायला गेला. पाया पडून उठेपर्यंत कागद मामांच्या हातात होते. त्यांनी ते दोन तास वाचले. एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस म्हणजे नेमके कसे मोजायचे, ज्या दिवशी उतरला तो दिवस धरायचा की नाही, निघाला तो दिवस धरायचा की नाही, यावर त्यांनी नवऱ्याची अशी उलटतपासणी घेतली की तो घरी येऊन म्हणाला, वकिलातीतली मुलाखत याहून सोपी होती. पण मामांच्या चेहऱ्यावर मात्र कित्येक महिन्यांनी तेज आलं होतं. नाशिकचा नाका उठला होता, पण जगात अजून नाके होते. एकेका देशाचा एकेक.

त्यानंतर मामांनी दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक देशाला एक पान दिलं. सगळं पेन्सिलीने. देश कधी पेनाने लिहू नये, असं ते सांगत, रात्रीतून बदलतात. रोज सकाळी आंघोळ झाली की ते मोबाइलवर एकेका देशाच्या सरकारी पानावर जात आणि बदल झाला असला की खोडरबर घेत. मग फिरायला जाताना ती बातमी कॉलनीत पोचे. ‘मालदीव तसंच आहे, थायलंडचं काहीतरी चाललंय,’ असं ते ज्या सुरात सांगत, त्या सुरात आमच्याकडे लोक दवाखान्यात ठेवलेल्या नातेवाइकांबद्दल बोलतात. देशांची वर्गवारी त्यांनी आपल्या पद्धतीने केली होती. नेपाळ-भूतान म्हणजे मागचं दार, चपला काढून सरळ आत. विना-व्हिसा देश म्हणजे बहिणीचं घर, केव्हाही जा, पण महिन्याच्या वर राहिलात तर भांड्यांचा आवाज यायला लागतो. उतरल्यावर व्हिसा देणारे म्हणजे दार किलकिलं करून, साखळी न काढता, कोण पाहिजे विचारणारे. आधी अर्ज मागणारे म्हणजे फोन करून या म्हणणारे. आणि निवास परवाना म्हणजे काय असं कुणी विचारलं की मामा म्हणत, ‘राहायला ये म्हणणं वेगळं आणि रेशनकार्डात नाव घालणं वेगळं.’ मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. इतकी सोपी व्याख्या मला आजवर कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही.

लग्नसमारंभांत मामा हा एक धोका होता. अक्षता टाकून झाल्या की ते स्टेजवर चढत, नवऱ्यामुलाच्या हातात पाकीट देत आणि कानाशी वाकून पासपोर्टची मुदत विचारत. प्रवासाच्या तारखेपासून पुढे सहा महिने शिल्लक हवेत, हा त्यांचा आशीर्वाद. एका लग्नात त्यांनी नवरीला सांगितलं की आडनाव बदलायची अजिबात घाई करू नकोस, तिकिटावर आणि पासपोर्टवर एकच नाव हवं, बालीहून परत आलात की सावकाश बदल. तिच्या सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या घरात मामांचं नाव अजून निघत नाही. उलट कॉलनीतले एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी मामांना देवमाणूस मानतात. हे बौद्ध कुटुंब आयुष्यभर साठवलेल्या हौसेने थायलंडचे विहार बघायला निघालं होतं. तिथे व्हिसा लागत नाही म्हणून ते निर्धास्त होते. मामा निरोप द्यायला गेले, चहा नको म्हणाले आणि पासपोर्ट मागितले. सरांचा ठीक होता, बाईंचा पाच महिन्यांवर आला होता. विना-व्हिसा म्हणजे विना-कागद नव्हे, हे वाक्य मामांनी त्या दिवशी तीनदा उच्चारलं. सरांना आधी राग आला, मग घाम आला, मग दोघंही धावपळ करून तातडीचा पासपोर्ट काढून आले आणि सहल गाठली. परत आल्यावर ते बुद्धाची छोटी पितळी मूर्ती घेऊन मामांकडे गेले, झोपलेल्या बुद्धाच्या भव्यतेबद्दल सांगू लागले. मामांनी आदराने ऐकून घेतलं आणि विचारलं की शिक्का चौकोनी होता की गोल.

एवढं सगळं असून मामांकडे स्वतःचा पासपोर्ट नव्हता. कुणी टोकलं तर ते म्हणत, पंचाने खेळायचं नसतं.

मामांच्या घराला वरच्या मजल्यावर एक खोली आहे, बाहेरून जिना असलेली. मुलगा नोकरीला बंगळूरला स्थिरावल्यापासून ती रिकामीच होती. एके दिवशी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून विचारणा आली की टांझानियाची, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आलेली एक विद्यार्थिनी आहे, वसतिगृहात जागा नाही, तुम्ही खोली द्याल का. दोन घरांनी तिला आधीच नाही म्हटलं होतं. एकाने परदेशी माणसाचे कागद कोण करणार म्हणून, दुसऱ्याने कारणच दिलं नव्हतं. मामांनी भाडं विचारलं नाही, मुलगी कशी आहे विचारलं नाही. त्यांनी फक्त विचारलं की तिचा व्हिसा एकशे ऐंशी दिवसांच्या वरचा आहे का. हो म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलला, असं फोन करणाऱ्या प्राध्यापकांनीच मला सांगितलं. इतकी वर्षं मामा दुसऱ्यांच्या नाक्यांचा अभ्यास करत होते. आता परदेशातून माणूस त्यांच्या दारात येणार होता, आणि परदेशी पाहुणा घरी उतरला की घरमालकाने चोवीस तासांत फॉर्म सी भरायचा, विद्यार्थ्याने चौदा दिवसांत नोंदणी करायची, हे नियम पाठ असलेला घरमालक तिला मिळणार होता.

नीमा आली त्या संध्याकाळी मी तिथेच होते. उंच, शांत मुलगी, दोन दिवसांच्या प्रवासाने डोळे लाल झालेले, हातात दोन बॅगा. तिने चपला काढायच्या आधी मामांनी नमस्कार करून पासपोर्ट मागितला आणि टेबलाशी बसून फॉर्म भरायला घेतला. मामी नामपूरच्या. चाळीस वर्षं नाशिकला राहूनही त्यांची अहिराणी सुटलेली नाही, आणि राग आला की त्या दुसरं काही बोलतच नाहीत. स्वयंपाकघरातून येऊन त्यांनी मामांच्या पुढचा पासपोर्ट उचलला आणि म्हणाल्या, ‘कागद मंग दखा. पोर भूकी शे.’ जेवायला बसल्यावर नीमाने पोळीकडे बोट दाखवून चपाती म्हटलं. मग चहाकडे बघून चाय म्हटलं. तिच्या स्वाहिली भाषेत दुकानाला दुका म्हणतात आणि गाडीला गारी, हे तिने सांगितल्यावर मामींना एवढा आनंद झाला की ही आपल्याच तालुक्यातली कुणीतरी असावी अशा खात्रीने त्यांनी तिला तिसरी पोळी वाढली. घोटाळा एकाच शब्दाने केला. तिच्या भाषेत मामा म्हणजे आई आणि बाबा म्हणजे वडील. या सहा फुटी पुरुषाला सगळे आई का म्हणतात हे तिला कळेना. दोन दिवस तिने हसू दाबून धरलं. तिसऱ्या दिवशी तिने आपल्यापुरता निकाल लावला. मामांना ती बाबा म्हणू लागली आणि मामींना मामा. पुढची तीन वर्षं त्या घरात वरून ‘मामा’ अशी हाक आली की खाली दोघंही मान वर करत आणि मामी जिना चढत.

तिचा निवास परवाना आला तेव्हा मामांनी द्वारका चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून त्याच्या चार रंगीत प्रती काढून आणल्या आणि एक देवघराच्या शेजारी लावली. मुदत संपायच्या तारखेला वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर तांबडी चौकट असे, तिच्या आधी नव्वद, साठ आणि तीस दिवसांना छोटे गोल. मामींना कॅलेंडरवर चतुर्थी सापडेनाशी झाली. नीमा मैत्रिणींबरोबर अजिंठ्याला निघाली की पासपोर्टची प्रत वेगळ्या कप्प्यात ठेवलीस का, हे मामा फाटकापर्यंत जाऊन विचारत. ती कधी कंटाळली नाही. तिच्या मोरोगोरो गावात तिचे वडील, ती लहान असताना गेले तेव्हापर्यंत, रेल्वेत सिग्नल बघायचे काम करत. तेही असेच होते, असं तिने एकदा मला सांगितलं होतं. मराठी शिकायची तिची फार इच्छा होती आणि आपण मराठीच शिकतोय असं तिला वाटत होतं. पण शिकवणाऱ्या मामी होत्या. त्यामुळे दुसऱ्या वर्षाअखेरीस ती जी भाषा घडाघडा बोलू लागली ती तिच्या वर्गातल्या पुण्याच्या मुलांना समजत नव्हती.

शेवटच्या वर्षी परीक्षेला महिना राहिला असताना ते घडलं. नीमाचा व्हिसा आणि परवाना त्याच सुमारास संपत होते. मुदतवाढीचा अर्ज मामांनी वेळेत, पहिल्या गोलाच्या दिवशीच, ऑनलाइन भरून घेतला होता. उत्तर यायचं होतं. एका दुपारी तिच्या गावाहून फोन आला की आईच्या पोटात गाठ निघाली आहे, पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन. धाकटे भाऊ शाळेतले. मोठी नीमाच. तिने जायलाच हवं होतं. पण व्हिसा बुधवारी संपत होता. मुदतवाढ हातात येण्यापूर्वी ती निघाली असती तर परत यायला तिकडून नव्याने अर्ज करावा लागला असता, त्याला किती आठवडे लागतील कुणी सांगू शकत नव्हतं, आणि परीक्षा हुकली असती. हे तिला सांगायचं काम मामांवर आलं, कारण दुसऱ्या कुणाला ते माहीतच नव्हतं. मामांनी काही गोड न करता सगळं सांगितलं. नीमाने ऐकून घेतलं, वर जाऊन बॅग बाहेर काढली, आणि रिकाम्या बॅगेशेजारी बसून राहिली.

मामांचा संताप कॉलेजवर होता. तिथल्या कारकुनाने दाखला द्यायला मुद्दाम उशीर केला असणार, म्हणूनच अर्ज अडकला असणार, असं ते धरून चालले. सोमवारी सकाळी ते डबा घेऊन कॉलेजच्या कार्यालयात जाऊन बसले आणि दाखल्याबद्दल त्या कारकुनाला इतकं बोलले की तो बिचारा रजिस्टर उघडून दाखवू लागला. दाखला कधीच दिलेला होता. मामांनी तेही मानलं नाही. घरी आले तर नीमाच्या ई-मेलवर अर्जाचं उत्तर येऊन पडलं होतं. मी शाळेतून तिकडेच गेले होते. मामांनी चष्मा पुसून ते वाचलं. मग परत वाचलं. कागदपत्रं सगळी ठीक, फक्त पत्त्याचा पुरावा मुदतबाह्य, असा शेरा होता.

पत्त्याचा पुरावा म्हणजे नीमाचा आणि मामांचा भाडेकरार. अकरा महिन्यांचा. मामा आतल्या खोलीत गेले. लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज आला. अर्ज भरला तेव्हा करार जिवंत होता, पण लगेच चार दिवसांनी तो संपला होता, आणि त्याला आता चौऱ्याऐंशी दिवस उलटले होते. सगळ्या जगाच्या तारखांना चौकटी करणाऱ्या माणसाने आपल्या घराच्या कागदावरची तारीख बघितली नव्हती. आपल्याच घरात ती कशाला बघायची, असं त्यांना वाटलं असणार. मला वाटलं, मामा आता पोर्टलला नावं ठेवतील, नियमाचा अर्थ काढतील, काहीतरी करतील. ते बाहेर आले, जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे राहिले आणि त्यांनी नीमाला हाक मारली. ती खाली आली. मामा म्हणाले, ‘चूक कॉलेजची नाही, नीमा. माझी आहे. तुझी आई आजारी आणि तू माझ्या चुकीने इथे अडकलीस.’

त्यांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. नीमाला सगळे शब्द कळले की नाही कोण जाणे, पण तिने मामांच्या हातातला करार काढून घेतला आणि म्हणाली, ‘व्हई जाई, बाबा.’

नवा करार ऑनलाइन नोंदवायचा तर दोघांचे अंगठे यंत्रावर उमटायला हवे होते. मंगळवारी सकाळी नोंदणीवाला घरी यंत्र घेऊन आला. नीमाचा अंगठा पहिल्या झटक्यात उमटला. मामांचा उमटेना. तीस वर्षं पावत्या मोजून मोजून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. डावा झाला, उजवा झाला, धुऊन झाला, मामींनी खोबरेल लावून बघितलं, नोंदणीवाला वैतागला. प्रत्येक वेळी यंत्र नाही म्हणत होतं आणि प्रत्येक नाहीनिशी मामा एकेक इंच खाली बसत होते. शेवटी करंगळीच्या शेजारच्या बोटाने मान राखला. दुपारी बारापर्यंत करार झाला, अर्जाला जोडला गेला, आणि आम्ही चौघं रिक्षाने पोलीस आयुक्तालयातल्या परदेशी नागरिकांच्या विभागात गेलो. खरं तर अर्ज ऑनलाइन असताना जायची गरज नव्हती. पण व्हिसा दुसऱ्या दिवशी संपत होता आणि घरी कुणाला बसवेना.

मामा आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभे होते, आणि हे मला त्यांच्या पायांवरून कळत होतं. ते सारखे पाय बदलत होते. टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई होत्या. मामांनी त्यांच्यापुढे हाताने लिहिलेला एक अर्ज ठेवला. त्यात करार आपल्या निष्काळजीपणाने संपला, विद्यार्थिनीचा यात काही दोष नाही, दंड असल्यास तो घरमालकास व्हावा, असं तारखांसकट लिहिलं होतं. बाईंनी तो वाचला आणि असं कुणी लिहून देत नाही म्हणाल्या. मामा म्हणाले, नाक्यावर आम्ही लिहून घ्यायचो. बाईंनी नीमाकडे बघितलं आणि इंग्रजीत तिला काय घाई आहे ते विचारलं. नीमा घाबरली की तिला मामींची भाषाच आधी सुचत असे. ती म्हणाली, ‘मनी माय बिमार शे, मॅडम. शुक्रवारले ऑपरेशन शे.’

बाई खुर्चीत मागे टेकल्या. त्या सटाण्याच्या निघाल्या. घर सोडून नोकरीला लागल्यापासून ऑफिसात त्यांच्याशी कुणी अहिराणीत बोललं नव्हतं, आणि बोललं ते हे. त्यांनी नियम वाकवला नाही. मामांनी तो वाकवूही दिला नसता. त्यांनी फक्त नीमाची फाइल त्याच बैठकीत उघडली, एकेक कागद लावून बघितला, दोन प्रश्न विचारले आणि सगळं पूर्ण आहे म्हणाल्या. मुदतवाढ बुधवारी सकाळी ई-मेलवर आली. नीमा त्या दुपारी मुंबईला निघाली आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईच्या खाटेशी पोचली. गाठ साधी निघाली. तिचा फोन आला तेव्हा मामी रडल्या आणि मामांनी विचारलं की परतीच्या वेळी मुदतवाढीचा कागद हातातल्या बॅगेत ठेवशील ना.

ती परत आली तेव्हा तिला घ्यायला मामा स्वतः माझ्या नवऱ्याला बरोबर घेऊन मुंबईला गेले, विमान उतरायच्या चार तास आधी. आंतरराष्ट्रीय आगमनाच्या दारासमोर कठड्याला टेकून ते उभे राहिले आणि बाहेर येणाऱ्या शेकडो माणसांकडे जत्रेत आल्यासारखे बघत राहिले. ही सगळी शिक्का मारून आलेली, असं ते परत परत नवऱ्याला सांगत होते. नीमा परीक्षेला बसली, चांगल्या गुणांनी पास झाली, आणि दोन महिन्यांनी कायमची गेली. वरची खोली मामांनी पुन्हा कुणाला दिली नाही. कॉलेजातून एक-दोनदा विचारणा आली तर खोलीचं काम काढलंय म्हणाले. कसलं काम ते मामींनाही माहीत नव्हतं.

वर्षभराने मोरोगोरोहून लग्नपत्रिका आली. नीमाचं लग्न एका शाळामास्तराशी ठरलं होतं आणि बाबा-मामा आल्याशिवाय ते होणार नव्हतं. मामींनी त्याच दिवशी नऊवारी बाहेर काढली. मामांना मात्र सत्तरी ओलांडल्यावर, मामींच्या बरोबरीने, जन्मातला पहिला पासपोर्ट काढावा लागला. पडताळणीला पोलीस आला तेव्हा मामांनी आधी त्याचंच ओळखपत्र बघितलं, आणि मग तो तासभर बसून आपल्या मेव्हण्याच्या दुबईच्या कागदांबद्दल सल्ला घेऊन गेला. टांझानियाला जाताना आधी अर्ज करावा लागतो. तो इंग्रजीत म्हणून मी भरायला बसले. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका रकान्यात यजमानाशी नातं काय असं विचारलं गेलं. मामांनी मला थांबवलं. भाडेकरू म्हणावं तर ती आता भाडेकरू नव्हती. मैत्रीण म्हटल्यावर मामी हसल्या. मुलगी लिहा म्हणाल्या तर मामा म्हणाले, नाव जुळत नाही, पुरावा नाही, खोटं कसं लिहायचं. अर्ज तीन दिवस तसाच पडून राहिला. चौथ्या दिवशी मामा माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, ‘घरचं माणूस याला इंग्रजीत काय म्हणतात? ते लिही. त्याला कुणी पुरावा मागितला तर मी बघून घेईन.’ मी फॅमिली असं लिहिलं. त्यांनी चष्म्यातून ते अक्षर न् अक्षर तपासलं आणि मान हलवली.

दोघं तीन आठवडे राहून आले. मी भेटायला गेले तेव्हा मामींना किती सांगू आणि किती नको असं झालं होतं. मांडवात त्या नाचल्या होत्या. आंब्याला तिकडे एम्बे म्हणतात आणि ते आपल्याइतके गोड नाहीत. नीमाच्या आईने त्यांना आपल्या शेजारी बसवून सगळ्या वऱ्हाडाला ही नाशिकची आई म्हणून दाखवलं होतं. मामा खिडकीशी बसून पासपोर्ट चाळत होते. छत्तीस पानांत एकाच देशाचे शिक्के. मी त्यांना विचारलं की विमानतळावर काय झालं, त्रास तर दिला नाही ना. जाताना त्यांनी जाडजूड फाइल नेली होती, वर अनुक्रमणिका लावलेली. त्यात नीमाच्या जुन्या परवान्याच्या प्रती होत्या, पत्रिका होती, तीन वर्षांचे फोटो होते, कॉलेजच्या प्राध्यापकांचं पत्र होतं. विमानात झोप न घेता ते सगळ्या प्रश्नांची उत्तरं मनात घोळवत राहिले होते.

‘काही विचारलंच नाही गं,’ मामा म्हणाले.

काउंटरवर एक पोरगी होती म्हणे, नीमाच्याच वयाची. तिने पासपोर्ट बघितला, मामांकडे बघितलं, शिक्का मारला आणि हसून ‘करिबू, बाबू’ म्हणाली. म्हणजे या, आजोबा. मामा फाइल उघडून उभेच होते. मागच्या माणसाने हलकेच पुढे व्हायला सांगितलं तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण आत आलोय.

मला वाटलं, त्यांचा हिरमोड झालाय. मी म्हटलं, बरंच झालं की मामा, सुटलात. ते काही वेळ त्या शिक्क्यावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘तीस वर्षं नाक्यावर होतो मी. एखाद्याला तरी नुसतं या म्हणायला हवं होतं.’

मामींनी आतून चहाला हाक मारली, आणि मामा पासपोर्ट टेबलावर उघडाच ठेवून उठले.